आत कोणीतरी आहे

ताईचा मेल आल्याशिवाय त्या कारखान्यात कोणी मेणाला हात लावत नसे.

कारखाना हे आपलं म्हणायला. खोल्या होत्या चारच. पुढच्या खोलीत ताई आणि तिचं ऑफिस. मधल्या मोठ्या खोलीत लांबच लांब टेबलं, त्यांवर मेणाच्या वड्या, छोट्या ज्योती आणि अजून कोणाच्याच तोंडात न गेलेले दात. पलीकडे प्लास्टरची खोली, आणि सगळ्यात मागे पोत्यांची अडगळ. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे ठसे इथे पाठवत आणि इथून कवळ्या, कॅप, ब्रिज घडून जात. कोणाला काय हवं, ते डॉक्टर मेलवर लिहीत. ताई ते वाचायची, समजून घ्यायची आणि ज्याच्या त्याच्या टेबलावर वाटून द्यायची.

हे वाटणं म्हणजे आलेलं पुढे ढकलणं नव्हे. एक डॉक्टर प्रत्येक कामावर 'तातडीचं' लिहायचे. त्यांची घाई कधी खरी आणि कधी सवयीची, हे ताईला वाचताक्षणी कळायचं. एक डॉक्टरीणबाई दाताचा रंग नेहमी एक पायरी गडद लिहायच्या, कारण त्यांच्या दवाखान्याच्या खिडकीवर झाडाची सावली होती. ताई तो गुपचूप एक पायरी उजळ करून द्यायची. बाईंना वाटायचं, आपली नजर किती अचूक. वाटू दे बिचाऱ्यांना.

कवळ्या घडवायचा तो धाकटा, म्हणजे ताईचा भाऊ. त्याचा हात असा की त्याने घडवलेले दात पाहून खऱ्या दातांनी लाजावं. ताई ऐन तरुणपणी नवरा गेल्यावर माहेरी आली, ती वडिलांशेजारी ऑफिसात बसू लागली आणि बसली ती बसलीच. मूलबाळ नव्हतं. वडील गेल्यावर घरात चार शहाणे जमले आणि म्हणू लागले की आता ऑफिसला एखादा शिकलेला मॅनेजर ठेवा. तेव्हा धाकटा सगळ्यांदेखत म्हणाला होता, "ऑफिस ताईचं. ती आपणहून उठेल तेव्हा उठेल. तोवर त्या खुर्चीकडे कोणी बघायचं नाही." ताईने पुढे कधी काही मागितलं नाही. ना नाव, ना हक्क. माणसाला पाठ टेकायला एक भिंत लागते, आणि तिची भिंत म्हणजे हे बोलणं.

आणि मेल? तो तर तिनेच त्या कारखान्यात आणला होता. त्या काळी बाहेरची लाइन म्हणजे लहरी पाहुणा. आला तर आला. टेलिफोनच्या तारेतून आधी किरकिर, मग शिट्टी, मग घशात काटा अडकल्यासारखी घरघर, आणि एवढं सोसून शेवटी काहीच नाही. डॉक्टरांची पत्रं वाटेत अडकायची आणि इथे टेबलं रिकामी बसायची. तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या ताईने उशीएवढं जाड पुस्तक आणलं, कोणाचातरी टाकून दिलेला कॉम्प्युटर आणला आणि मागच्या अडगळीत पोत्यांच्या आडोशाला कारखान्याचा स्वतःचा सर्व्हर मांडला. बाहेरची लाइन लागली की येतील तेवढी पत्रं तो ओढून घ्यायचा आणि सांभाळून ठेवायचा. मग लाइन असो-नसो, आतल्या आत सगळ्या टेबलांना मेल मिळायचा. धाकटा त्याला 'ताईचं टपाल खातं' म्हणायचा. हसून म्हणायचा, पण चार लोकांत सांगायचा तेव्हा छाती फुगायची त्याची.

धाकट्याची मुलगी चिंगी शाळा सुटली की तिथेच यायची आणि पोत्यावर चढून बसायची. आता ती मोठी बाई झाली होती, बापाच्या बरोबरीने कारखाना बघत होती, तरी नाव चिंगीच राहिलं. आत्याने तिला हे सगळं हाताला धरून शिकवलं. आणि दोन गोष्टी तर अगदी दरडावून. एक म्हणजे, आपल्याजवळ सगळ्यांच्या मेलच्या पेट्यांच्या किल्ल्या असल्या तरी दुसऱ्याची पेटी उघडायची नाही. किल्ली सांभाळणाऱ्याने आंधळं असावं. आणि दुसरी अशी, की सर्व्हरच्या दारावर जो पहारेकरी बसवलेला असतो, त्याला एखाद्याला अडवायला सांगायचं झालं तर दोन तऱ्हांनी सांगता येतं. एक, दार लावून आत गप्प बसायचं. बाहेरचा बिचारा कडी वाजवून वाजवून थकतो आणि त्याला कळतही नाही की घर रिकामं आहे की रस्ता चुकला. दुसरी, त्याला तोंडावर 'नाही' म्हणायचं. "नाही म्हणायचं असेल तर तोंडावर म्हण चिंगे," आत्या सांगायची. "दारात ताटकळत ठेवण्यासारखं पाप नाही."

आता त्या दिवसाची गोष्ट.

मधल्या खोलीत नुकतंच एक नवं यंत्र येऊन बसलं होतं. पांढरंशुभ्र, कपाटाएवढं. पोटात एक ठोकळा घालायचा आणि दार लावायचं. आतल्या आत ते दात कोरून द्यायचं. एका मोठ्या कंपनीने ते वापरून बघायला दिलं होतं. ताईने ते पाहिलं त्या दिवशीच धाकट्याला सरळ विचारलं होतं, "हे आलं म्हणजे माझं ऑफिस जाणार का रे? जाणार असेल तर आजच सांग." त्यावर तो म्हणाला, "वेडी का काय तू? यंत्र दात कोरेल. मेल थोडाच वाचणार आहे?" आणि ताई निर्धास्त झाली.

सकाळी येऊन तिने चष्मा पुसला, कॉम्प्युटर लावला, मेल उघडला, आणि पडद्यावर एक ओळ आली. सर्व्हरने जोडणी नाकारली. पुन्हा करून बघितलं. पुन्हा तेच, पापणी लवायच्या आत.

तिने सर्व्हरला नुसती हाक मारून बघितली. कॉम्प्युटरला तशी हाक मारता येते. जागा असला तर तो 'ओ' देतो. त्याने लगेच 'ओ' दिली. म्हणजे यंत्र चालू, रस्ताही धड. फक्त मेलची खिडकी उघडायला गेलं की 'नाही'.

"चिंगे," तिने हाक मारली. "माझा मेल उघडत नाहीये गं. तुझा?"

चिंगी दारात येऊन थांबली. हातात कप होता. "मी बघितला नाही अजून."

"नाकारली म्हणतोय."

"लगेच म्हणतोय की वेळ लावून?"

पोरगी नेमकं विचारते. ताईला बरं वाटलं. "लगेच. म्हणजे आत कोणीतरी आहे आणि तेच नाही म्हणतंय. वायर तुटली असती तर गप्प बसला असता."

"मग आत्या," चिंगी कपात बघत म्हणाली, "त्या नव्या यंत्राने सर्व्हरचा पत्ता घेतला असेल. एकाच पत्त्यावर दोघं झाले असतील. तू सर्व्हरला म्हणून हाक मारतेस आणि 'ओ' देतंय ते यंत्र. त्याच्याकडे कुठून मेल असणार? ते नाहीच म्हणणार."

ताई खुर्चीतच मागे टेकली आणि तिच्याकडे बघत राहिली. "हे मला कसं सुचलं नाही? शाबास गं माझी बाई. शिकवणारीला मागे टाकलंस."

चिंगी कप घेऊन मागे सरकली. नवं यंत्र आलं, त्याने न विचारता शेजाऱ्याचं घर बळकावलं. ताईला ते इतकं पटलं की ती पुढचं काही न तपासता उठलीच.

यंत्राची वायर लांब टेबलाखालून मागच्या भिंतीकडे गेली होती. तिथे बाकीच्या वायरींचा गुंता, त्यावर वर्षानुवर्षांचा मेणाचा आणि दातांच्या भुग्याचा थर. यंत्राची नेमकी वायर शोधून उपटायची तर खाली शिरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ताईने पदर खोचला, गुडघ्यांवर हात ठेवले आणि आधी एक, मग दुसरा, असे ते जमिनीला टेकवले.

"मामा, बॅटरी धरा जरा."

प्लास्टरमामा म्हणजे प्लास्टरच्या खोलीतले जुने कारागीर. वडिलांच्या वेळचे. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. घरी गेल्यावर बायकोने ओळखावं म्हणून तोंड धुऊन जातात, असं सगळे म्हणत. ते बॅटरी घेऊन टेबलापाशी उकिडवे बसले.

"ताई, खाली एखादी दाढ सापडली तर माझी आहे हं," पॉलिश करणारी वरून म्हणाली. "काल चाकावरून उडाली. तुम्ही लावून टाकू नका."

"माझ्या आहेत तेवढ्या पुरेत बाई. तुला कमी असतील तर ठेव," ताई टेबलाखालून म्हणाली.

एरवी एवढ्यावर अख्खी खोली खिदळली असती. आज पॉलिशवालीच थोडं हसली आणि तिचाही आवाज मधेच विझला. ताईला वाटलं, धाकटा आला असेल. पण धाकट्याच्या चपला तिला खालून दिसत नव्हत्या. तो एका डॉक्टरांकडे गेला होता.

बॅटरीचा उजेड भिंतीवर हलत होता.

"मामा, उजेड का हलतोय? चहा नाही झाला?"

"झाला."

"मग?"

"वय झालं ताई."

"वय तुमचं झालं आणि टेबलाखाली मी," ताई म्हणाली. "इकडे धरा. हां, ही पांढरी. हीच."

तिने वायर उपटली. उठताना टेबलाची कड धरावी लागली. मामांनी दुसरा हात पुढे केला, तो प्लास्टरने माखलेला होता. तिच्या बाहीवर पांढरी बोटं उमटली. पुढच्या खोलीत जाऊन तिने मेल उघडला. सर्व्हरने जोडणी नाकारली.

म्हणजे यंत्र बिचारं निर्दोष होतं.

"आत्या, थांबू या का जरा?" चिंगी म्हणाली. "होईल दुपारपर्यंत आपोआप."

"आपोआप?"

लहानपणी हा शब्द काढला की चिंगीला धपाटा मिळायचा. आपोआप काही बिघडत नाही आणि आपोआप काही सुधारत नाही, हे त्या पोत्यावर बसून तिने किती वेळा घोकलं होतं. ताईने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. पोरीचा चेहरा ओढल्यासारखा दिसत होता. झोप झाली नसेल, ताईला वाटलं. बापाने कामाला फार जुंपलंय तिला. माणूस ज्याच्यावर जीव लावतो, त्याच्यासाठी सबबीही स्वतःच शोधून देतो. त्याला शोधायचे कष्ट पडू देत नाही.

ती प्लास्टरच्या खोलीत गेली. मामांचा कॉम्प्युटर भिंतीशी होता, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला.

"मामा, तुमचा मेल उघडतोय का?"

"मघाशी उघडला होता. म्हणजे... उघडला असेल."

"बघू."

मामा उठले आणि पडद्यासमोर उभे राहिले. "ताई, तुम्ही कशाला? मी बघून सांगतो. तुम्ही बसा."

"अहो सरका ना."

ते सरकले, पण सरकता सरकता अंगठ्याने पडद्याचं बटण दाबून गेले. पडदा काळा झाला. बटणावर पांढरा अंगठा उमटला. ताईने त्या अंगठ्याकडे पाहिलं आणि मग मामांकडे. ते पोत्यांकडे बघत होते, जणू प्लास्टर पळून जाणार होतं.

ती तिथून निघाली. मधल्या खोलीतून जाताना एकेका टेबलावरचं डोकं खाली गेलं. आत्ता कुठे तिच्या लक्षात आलं. इतरांचा मेल चालतोय. दार तिच्या एकटीलाच बंद आहे. सर्व्हर यंत्र आहे. त्याला ताई कोण आणि मामा कोण, काय ठाऊक? त्याला कोणीतरी सांगितल्याशिवाय तो माणसामाणसांत फरक करत नाही.

अडगळीत ती पोत्यावर बसली, सर्व्हरचा कीबोर्ड मांडीवर घेतला आणि आत शिरली. मेलची खिडकी व्यवस्थित चालू होती. मग तिने दारावरच्या पहारेकऱ्याला दिलेले हुकूम काढले. हे हुकूम तिचे होते, एकेक ओळ तिच्या हातची. फक्त सगळ्यांच्या वर एक ओळ अशी होती, जी तिने लिहिली नव्हती. ताईच्या कॉम्प्युटरकडून मेलच्या खिडकीशी कोणी आलं, तर त्याला नाही म्हणावं. तोंडावर म्हणावं.

दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर गप्प दार लावलं असतं. ते सोपं, आणि लपवायला बरं. ताई दिवसभर वायरी शोधत फिरली असती. एवढ्या रीतीने, एवढ्या अदबीने दार बंद करणारं जगात एकच माणूस होतं आणि ते तिनेच घडवलं होतं.

दारात पावलं वाजली. चिंगीच होती. पाठीमागे उजेड, चेहरा दिसत नव्हता.

"काढते मी ते, आत्या."

"राहू दे. आधी सांग."

"बाबा सांगणार होते. ते आले की..."

"बाबा इथे नाहीत. तू आहेस."

चिंगी समोरच्या पोत्यावर बसली. लहानपणी बसायची त्याच तऱ्हेने, पाय जवळ ओढून. "बाबांनी काल घरून सगळ्यांना मेल लिहिला. म्हणजे एकेकाचं नाव घालायला हवं होतं. त्यांनी नेहमीच्या सवयीने 'सगळे' लिहिलं."

'सगळे' हा पत्ता ताईनेच करून ठेवलेला. त्यावर एक पत्र टाकलं की कारखान्यातल्या प्रत्येकाला पोचायचं. आणि त्यात पहिलं नाव तिचं होतं. इतकी वर्षं धाकटा काहीही सांगायचं झालं की 'सगळे'वरच टाकायचा. त्याच्या बोटांना दुसरा पत्ता येतच नव्हता.

"तो तुझ्याही पेटीत जाऊन पडला," चिंगी म्हणाली. "मला सकाळी लक्षात आलं. बाबांना फोन केला तर ते म्हणाले, काहीही कर, पण मी येईपर्यंत तिला वाचू देऊ नकोस."

"काय आहे त्यात?"

"कारखाना त्या मोठ्या कंपनीत जातोय. यंत्र त्यांचंच आहे. माणसं सगळी राहणार, टेबलं राहणार. ऑर्डरी मात्र त्यांच्याकडून थेट टेबलांवर येणार. त्यांची पद्धत आहे तशी. त्यामुळे ऑफिस..." ती थांबली.

"बोल. तोंडावर म्हण."

"ऑफिस राहणार नाही. पुढच्या महिन्यापासून."

बाहेर कोणीतरी ठोकून ठोकून प्लास्टर ठशातून सोडवत होतं. ठक, ठक, आणि मग थांबलं.

"आणि मला कोणी सांगायचं नाही, असंही लिहिलं असेल."

"हो. बाबा स्वतः सांगणार होते."

"म्हणजे मामांना माहीत होतं. बॅटरी धरली तेव्हा."

चिंगीने मान डोलावली.

ताईने कीबोर्डवरची धूळ बोटाने पुसली. मग म्हणाली, "माझ्या पेटीतून तो मेल काढून टाकायचास. किल्ली आहे तुझ्याकडे. मला पत्ताही लागला नसता."

"दुसऱ्याची पेटी उघडायची नाही."

पोरगी हे इतक्या साधेपणाने म्हणाली की ताईला क्षणभर हसू येईल की काय असं वाटलं. शिकवलेलं सगळं पाळलं होतं तिने. पेटी उघडली नाही, नकार तोंडावर दिला. कुठेतरी खोल आत ताईला तिचं कौतुक वाटलं, आणि त्या कौतुकाचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

"आणि यंत्राने पत्ता बळकावला, ते? ते तर मी शिकवलं नव्हतं."

"ते मला आयत्या वेळी सुचलं."

"मी टेबलाखाली गेले चिंगे."

"मला वाटलं, तू आधी तपासून बघशील. तू सगळंच तपासतेस. तू लगेच खाली गेलीस, मग मला बोलताच येईना."

"तू सांगितलंस म्हणून गेले. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर तपासलं असतं."

चिंगीने गुडघ्यांत डोकं घातलं. ताई उठली. एरवी त्या डोक्यावर हात ठेवल्याशिवाय ती पुढे गेली नसती.

धाकटा आला तो सरळ आपल्या टेबलाशी गेला, जसं काही घडलंच नाही. एप्रन बांधला, मेणाची सुरी उचलली. ताई समोर जाऊन उभी राहिली तेव्हा त्याने तिच्या बाहीवरची पांढरी बोटं पाहिली, आणि त्याला सगळं कळलं असावं.

"ताई, चल, आत बसून बोलू. आपण दोघं."

"दोघांनी बोलायची वेळ गेली रे. सगळ्यांना सांगितलंस ना? आता सगळ्यांसमोरच सांग. या वेळी मीही आहे."

"असं काय करतेस लहान मुलासारखं?"

"सांग."

टेबलांवरच्या ज्योती एकेक करून विझवल्या गेल्या. मामा प्लास्टरच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. धाकट्याच्या हातात अर्धवट घडलेली खालची कवळी होती. तो त्या कवळीकडे बघूनच बोलू लागला. कंपनी मोठी आहे. आता हाताचे दात कोणाला नकोत. आज नाही म्हटलं तर दोन-तीन वर्षांत आपोआप कुलूप लागेल. या सगळ्यांची पोटं आहेत. ते खरंच होतं, त्यात खोटं काही नव्हतं, आणि त्याने एवढंच सांगितलं असतं तर ताईने मान डोलावली असती. पण मग तो म्हणाला, "आणि तुलाही आता आराम हवाच ना. तुझे गुडघे..."

"माझ्या गुडघ्यांची सकाळी कोणाला आठवण झाली नाही."

पॉलिशवालीने तोंड फिरवलं.

"मी तुला सांगणारच होतो," धाकटा म्हणाला. "रोज ठरवायचो. तुझ्यासमोर आलो की जीभ उचलायची नाही. तू ऐकून घेतलं नसतंस."

"मी सरळ विचारलं होतं तुला. तू म्हणालास, वेडी का काय. तेव्हा ठरलं होतं?"

"तेव्हा बोलणी चालू होती फक्त."

"ठरलं होतं का?"

त्याने कवळी टेबलावर ठेवली. ठेवताना ती हलून आडवी झाली, ती त्याने सरळ केली. "ठरलं होतं."

"बरं," ताई म्हणाली. "कळलं."

ती पुढच्या खोलीत आली. मागून चिंगी अडगळीत गेल्याचं तिला ऐकू आलं, आणि थोड्याच वेळात मेल उघडला. सकाळपासून अडलेली पत्रं भराभरा येऊन पडली. सगळ्यात वर धाकट्याचं होतं. तिने ते उघडलं नाही. त्यात काय आहे ते तिने त्याच्या तोंडून ऐकलं होतं, आणि त्याने ते इतरांना किती गोड शब्दांत लिहिलं असेल हे बघायची तिला इच्छा नव्हती. खालची ऑर्डर उघडली. एका म्हाताऱ्या बासरीवाल्याचे पुढचे दात गेले होते. डॉक्टरांनी लिहिलं होतं, पेशंटला वाजवणं सोडायचं नाहीये, दातांचा कल जुन्यासारखाच हवा, जुना फोटो सोबत आहे. ताईने फोटो मोठा करून पाहिला. फोटोतला माणूस तरुण होता आणि कोणत्यातरी मुलीकडे बघून हसत होता, ती मुलगी फोटोत अर्धीच आली होती. ताईने मेणाच्या टेबलाला लिहिलं, वरचे दोन दात किंचित आत, ओठाला फुंकर मारायला जागा राहू द्या, घाई करू नका. मग दुसरी ऑर्डर, मग तिसरी. कोणाचं काम अडवून ठेवायचं तिच्या मनातही आलं नाही. त्या तोंडांनी तिचं काय वाकडं केलं होतं?

मधे मामा चहा घेऊन आले. कप ठेवला आणि तिथेच घुटमळले.

"ताई, मालकांनी बजावलं होतं. माझाही इलाज नव्हता."

"असेल ना मामा."

"मनातून फार वाईट वाटत होतं."

"वाटत असेल. उजेड मात्र छान धरलात."

मामा मान खाली घालून निघून गेले. चहावर साय धरली तरी कप तसाच राहिला.

सगळ्या ऑर्डरी वाटून झाल्यावर ताईने चष्म्याचं घर पिशवीत टाकलं. ड्रॉवर उघडला, त्यात आपलं असं काय काय आहे ते पाहिलं. सुईदोरा, गोळ्यांचं पाकीट, फुटलेल्या दांडीचा जुना चष्मा. गोळ्या घेतल्या, बाकीचं राहू दिलं. दारापाशी येऊन चपला घालू लागली तेव्हा धाकटा मधल्या खोलीतून बाहेर आला. एप्रन तसाच होता.

"निघालीस? सोडायला येऊ?"

"नको. आणि उद्यापासून मी येणार नाही."

"अगं, पण महिना आहे ना अजून. मग उद्याच्या ऑर्डरी कोण वाटणार?"

त्याच्या तोंडून ते पटकन निघून गेलं. निघाल्यावर त्यालाही ऐकू आलं असावं.

ताईच्या चपलेचा पट्टा टाचेवर चढत नव्हता. तिने भिंतीला हात लावून एका पायावर तोल धरला. घाई केली नाही. लहानपणी हा शाळेला निघाला की त्याच्या बुटाच्या नाड्या तीच बांधायची, आणि हा तिच्या डोक्यावर हात टेकून उभा राहायचा, केस ओढत. त्याला आत्ता काही बोलायचं असेल तर बोलू दे, म्हणून तिने पट्टा एकदा चढवला, पुन्हा काढला आणि नीट चढवला. आत कोणीतरी नव्या यंत्राची वायर परत जोडली होती. ते घरघरू लागलं.

धाकटा एप्रनला हात पुसत उभा होता. पुसून झाले तरी पुसत होता.

पट्टा बसला. ताईने पिशवी खांद्याला लावली आणि पायरी उतरली.